ओझं बायांचं, चाक पुरुषांचं

मैत्रिणींनो, एखाद्या सकाळी वस्तीच्या नाक्यावर तासभर उभ्या राहा आणि नुसतं मोजा. डोक्यावर, पाठीवर ओझं घेऊन कोण गेलं? हातगाडीवर, तीनचाकीवर, टेम्पोत ओझं घालून कोण गेलं? मी मोजलं. डोक्यावर ओझं असलेल्या सगळ्या बाया होत्या. चाकापाशी होते ते जवळजवळ सगळे पुरुष. ओझं चाकावर आलं की ते 'धंदा' होतं आणि पुरुषाकडे जातं. डोक्यावर राहिलं की ते बाईचं 'काम' असतं.

पुण्यात कचरा-भंगार वेचणाऱ्या बायांबरोबर मी काम करते. भंगाराच्या दुकानातल्या काट्यावर आम्ही एकदा मुद्दाम सहाजणींची पोती घातली. सर्वांत हलकं २८ किलोचं निघालं. पंचावन्न वर्षांच्या एका मावशींचं ४१ किलो. त्या ते पोतं रोज तीन किलोमीटर वाहतात. मान दुखते म्हणून दवाखान्यात गेल्या, तर डॉक्टर म्हणाले, "ओझं उचलू नका." मावशींनी मला विचारलं, "मग खाऊ काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. एम.एस.डब्ल्यू. करताना मी केसवर्क शिकले, समुदाय संघटन शिकले. बाईच्या मानेवरचं वजन काट्यावर घालून पाहा, असं कुणी शिकवलं नाही.

१९४८च्या कारखाना कायद्यात वजनाची मर्यादा ठरवण्यासाठी कलम ३४ होतं, पण त्याचा अंमल कारखान्याच्या आत. हमाल संघटित झाले, १९६९मध्ये माथाडी कायदा आला, पोत्याचं वजन कमी करून घ्यायला हमालांना झगडावं लागलं. १९९३मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरावेचक बाईला ओळखपत्र मिळालं, 'कामगार' हे नाव मिळालं. ही लढाई मोठीच. पण गल्लीबोळांतून आजही कितीतरी बायांचं पोतं डोक्यावरच आहे. कारण पाणी, सरपण, मूल, कचरा हे बाईने वाहायचं, हे आपण सगळ्यांनी इतकं गृहीत धरलंय की त्यात काही बदलता येईल असं वाटतच नाही.

योजनेतून एक तीनचाकी आमच्या वस्तीत आली होती. भलीमोठी, जड, उंच सीट, पुढे आडवी दांडी. लुगड्यातल्या बाईने त्यावर बसायचं कसं, हे बनवणाऱ्याने विचारलंच नव्हतं. महिनाभरात ती एका नवऱ्याच्या ताब्यात गेली. बायकोचं पोतं पुन्हा डोक्यावर. अहवालात मात्र लाभार्थी 'महिला' अशीच नोंद राहिली.

तेव्हा आम्ही ठरवलं, आपल्या मापाचं वाहन आपणच करून घ्यायचं. साध्या लेडीज सायकलच्या मागे जोडायची दोन चाकांची गाडी, म्हणजे ट्रेलर. तयार ट्रेलरच्या किमती विचारल्या तर मूळ सायकलीपेक्षा कितीतरी जास्त. पण आमच्या बायांना भंगाराची पारख आहे! जुन्या बाजारातून लहान मुलांच्या दोन मोडक्या सायकली आणल्या १,२०० रुपयांना. दोन्हींची पुढची चाकं चिमट्यासकट कापून घेतली. बारा किलो चौकोनी लोखंडी पाइप ९०० रुपये, टायर-ट्यूब ८००, वेल्डिंग आणि मजुरी १,२००, रंग-साखळी-रिफ्लेक्टर ३००. एकूण ४,४०० रुपये. तळाला भंगारातलीच फळी.

वेल्डिंगवाल्या दादांनी आधी हसून घेतलं. "बाया चालवणार हे?" मग कामाला लागले. पहिल्या खेपेला आम्ही गाडी कॅरिअरला जोडली. वळणावर ती कलंडली. जोड खाली, मागच्या एक्सलच्या उंचीला घेतला तेव्हा नीट चालली. जोडात जाड रबरी नळीचा तुकडा घातला, म्हणजे वळताना गाडी मोकळी फिरते. नळी तुटलीच तर गाडी सुटू नये म्हणून साखळी. ओझं चाकांच्या किंचित पुढे ठेवायचं. मागे ठेवलं तर सायकलचं मागचं चाक उचललं जातं. ट्रेलरला ब्रेक नाही, म्हणून उतारावर खाली उतरून चालायचं. आणि मुख्य म्हणजे, खीळ काढली की तीच दांडी हातात धरून गाडी ओढता येते. जिला सायकल येत नाही तिचंही ओझं डोक्यावरून उतरतं. मावशी अशीच ओढून नेतात.

"आपल्या बाया सायकल चालवतील का?" हा प्रश्न मला आमच्याच बैठकीत विचारला गेला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेने अक्षरांबरोबर सायकल शिकवली. हजारो ग्रामीण बाया शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलंय. तिकडे मलावी, झांबियात सायकलमागे ट्रेलर जोडून अडलेल्या बाईला दवाखान्यात नेतात. प्रश्न बायांच्या हिमतीचा नाही. त्यांच्या हाती चाक द्यायला आपण तयार आहोत का, हा आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. "ही मलमपट्टी झाली. मोटारगाडी मागा, महापालिकेची जबाबदारी आहे." खरं आहे, मागूच. पण मोठी गाडी आली की तिच्याबरोबर ठेकेदार येतो, ड्रायव्हर पुरुष येतो आणि बाई कामावरून जाते, ही भीती आमच्या बायांना उगाच वाटत नाही. ट्रेलर बाईच्या आवाक्यातला आहे. पंक्चर ती काढू शकते, कर्ज ती फेडू शकते. मात्र एक धोका मी लपवणार नाही. चाकं आली म्हणून कुणी दुप्पट घरं तिच्या गळ्यात मारली, तर ते ओझंच होईल. चाक मान वाचवण्यासाठी आहे, दाम न वाढवता काम वाढवण्यासाठी नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. महिला व बालकल्याणाच्या पैशातून शिलाई मशीनच का? ज्या बाईला हवा तिला ट्रेलर मिळावा, तोही तिच्या नावावर. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकणाऱ्या मुलामुलींकडून हे काम करून घ्यावं, बायांना पुढे बसवून, त्यांची मापं घेऊन. बचत गटांनी म्हशी-पापडाइतक्याच सहज यासाठी कर्ज द्यावं. रात्री गाडी लावायला वस्तीत जागा मिळावी. आणि आपण, संघटनेतल्या शिकलेल्या बायांनी, रविवारी मैदानात उभं राहून सायकलची सीट धरावी. पडतील, उठतील, शिकतील.

मावशींच्या मानेचं दुखणं पूर्ण गेलेलं नाही. तीस वर्षांचं ओझं चार महिन्यांत कसं उतरणार? पण परवा त्यांच्या सुनेने विचारलं, "ताई, मला चालवायला कधी शिकवता?" ती चोवीस वर्षांची आहे. तिची मान अजून शाबूत आहे. तिला आपण किती दिवस थांबवणार?