मुठीवरची फुले

दसऱ्याला सातारच्या जलमंदिरातून भवानी तलवारीची मिरवणूक निघते, तेव्हा दुतर्फा उभ्या असलेल्या माणसांची नजर तलवारीवरून हटत नाही. २०२४च्या जुलैत लंडनहून आलेली वाघनखे सातारच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली गेली, तेव्हाही ती पाहायला माणसे लोटली. शस्त्रांवर इतका जीव असलेल्या गावालाच एक गोष्ट सांगावीशी वाटते. तलवारीपुढे उभे राहिलो की आपण पाते पाहतो. लांबी किती, वजन किती, कोणाच्या कमरेला होती, एवढे विचारतो आणि पुढच्या कपाटाकडे वळतो. मूठ पाहायची राहून जाते. आपल्या कारागिराची खरी करामत तर मुठीतच आहे.

मराठ्यांच्या हाती असलेली कितीतरी नामांकित पाती फिरंगी होती. ती युरोपात घडली, गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि घाट चढून वर आली. मूठ त्यांना इथे चढली. राळेचा लगदा तापवून मुठीत भरायचा आणि पात्याचे शेपूट त्यात रुतवून थंड होऊ द्यायचे, अशी ती रीत. म्हणजे पाते परदेशी असले तरी परज, मुठीच्या टोकाची वाटी, म्यानाची मोहनाळ आणि तैनाळ हे सारे इथल्या हातचे. नक्षी आहे तीही तिथेच.

या नक्षीचे, म्हणजे कोफ्तगिरीचे, काम जवळून पाहण्याजोगे आहे. पोलादावर आधी बारीक उभ्याआडव्या रेघांचे दाट जाळे ओढतात. मग सोन्याची तार पानाफुलाच्या आकारात मांडून हलके ठोकत जातात. रेघांच्या दातांत सोने अडकते आणि पक्के बसते. वापरात राहिलेल्या जुन्या मुठीवर तळहात जिथे घासला तिथले सोने उडालेले असते आणि खालचे रेघांचे जाळे उघडे पडलेले असते. बोटे पोचली नाहीत अशा परजेच्या बेचक्यात मात्र एखादी पाकळी, वेलाचे एखादे वळण अजून लखलखते. मूठ पकडणाऱ्याची पकड कशी होती, हेसुद्धा त्या झिजेवरून कळते.

ही फुले कोणती? कमळ आपण ओळखतो. पण खसखशीचे फूल, आयरिस, इराणी वळणाचे गुलाब? १६२०मध्ये जहांगीर काश्मीरच्या वसंतात रमला आणि उस्ताद मन्सूरने तिथल्या शंभरावर फुलांची चित्रे काढली. त्यानंतर मोगली कलेत मुळापासून शेंड्यापर्यंत उभे असलेले एकेक फुलझाड गालिच्यांवर, संगमरवरावर आणि खंजिरांच्या मुठींवर दिसू लागले. ते वळण दख्खनेतही उतरले. एवढा मोठा प्रवास एका मुठीत सामावलेला असतो, आणि आपल्याकडच्या फलकांवर सहसा ‘तलवार, अठरावे शतक’ एवढेच लिहिलेले असते.

तलवारीवर फुले उमटवण्याचे हे काम जपानने दुसऱ्या रीतीने केले. तिथल्या तलवारीचा साज बांबूच्या एका खुंटीवर बसतो. खुंटी काढली की मूठ आणि हाताच्या आड येणारी ‘त्सुबा’ नावाची चकती वेगळी होते. तोकुगावांच्या अडीचशे वर्षांच्या शांततेत सामुराईची तलवार म्यानाबाहेर क्वचितच येई, पण कमरेला रोज असे. त्यामुळे माणसाची पारख साजावरून होऊ लागली. बर्फातही फुलणारा प्लम, शेवंती, साकुरा, बांबू, शरद ऋतूतले वाकलेले गवत, वेलावर लोंबणारे भोपळे, हे सगळे तळहाताएवढ्या लोखंडी चकतीवर आले. हिगो प्रांतातला हायाशी माताशिची याची कोरून आरपार केलेली साकुराची फुले आजही नावाने ओळखली जातात. गोतो घराण्याने पंधराव्या शतकापासून पिढ्यानपिढ्या तांब्यात थोडे सोने मिसळून केलेल्या काळ्या ‘शाकुदो’वर सोन्याची फुले उठवली. पुष्कळ कारागिरांनी आपल्या कामावर सही केली. आपल्या मुठींवर कारागिराची सही क्वचितच सापडते.

मग १८७६ साली सरकारी हुकूम निघाला आणि तलवार बाळगायला बंदी झाली. एका फटक्यात साज घडवणाऱ्यांचा धंदा बसला. त्यांनी तीच अवजारे फुलदाण्या, पेट्या आणि दागिन्यांकडे वळवली. कानो नात्सुओ हा त्सुबा घडवणारा कारागीर. त्याने जपानच्या नव्या नाण्यांचे ठसे कोरले आणि पुढे तोक्योच्या कलाशाळेत तो प्राध्यापक झाला.

आपल्याकडचा नात्सुओ मिरजेत आहे. सातारचे राज्य १८४८मध्ये खालसा झाले, पुढे इंग्रजांनी लोकांची हत्यारे काढून घेतली आणि १८७८च्या कायद्याने ती बंदी पक्की केली. तलवारींना धार आणि पाणी देणाऱ्या शिकलगारांच्या हाताला काम उरले नाही. मिरजेचे फरीदसाहेब शिकलगार तर त्याआधीच, १८५०च्या सुमारास तंबोऱ्याकडे वळले होते, आणि शिकलगारांची घराणी सतारमेकर म्हणून नावारूपाला आली. गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले ते या गावात सुराला कान आणि वाद्याला हात होते म्हणून, असे मला वाटते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

सतारमेकर गल्लीत गेलात तर आवाजाआधी भोपळ्याकडे पाहा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा तो कडू भोपळा आणि तून लाकडाची दांडी जिथे एकत्र येतात तो सांधा लाकडात कोरलेल्या पानांनी झाकलेला असतो. वाद्यावर बसवायच्या पट्टीवर कारागीर टोकदार हत्याराने वेल ओढतो, रेघांत काळा रंग भरतो, वरचा पुसून घेतो आणि फूल उमटते. पूर्वी ही पट्टी हस्तिदंताची असे, आता प्लास्टिकची आहे. पोलादावर रेघ ओढून त्यात सोने बसवणे आणि पट्टीवर रेघ ओढून त्यात रंग बसवणे, या दोन कृतींत फारसे अंतर नाही. इथेही पानाफुलांचे नमुने नोंदवलेले नाहीत. ते वडिलांच्या हातून मुलाच्या हातात जातात, आणि मुलाने दुसरा धंदा धरला की थांबतात. मानांकनाने वाद्याचे नाव राखले. त्यावरची वेलबुट्टी राखायचे काम अजून बाकी आहे.

मुठींवरची आणि वाद्यांवरची ही फुले नोंदवायला फार खर्च नाही. वाघनखे जिथून आली त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शेकडो त्सुबा आहेत आणि त्यांच्यावरची झाडेफुले नोंदींत नावानिशी येतात. साताऱ्यात कास पठाराची फुले ओळखणारे वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक आणि विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांना मुठींपुढे उभे करा. प्रत्येक मुठीचा जवळून घेतलेला एक फोटो, फुलाचे नाव, सोने बसवण्याची पद्धत, एवढे फलकावर आले तरी पुरे. सांगलीच्या महाविद्यालयांनी मिरजेच्या गल्लीतल्या जुन्या कारागिरांकडचे खाके आणि नमुने त्यांच्या परवानगीने उतरवून घ्यावेत, आणि प्रत्येक नमुन्याखाली तो कोरणाऱ्याचे नाव लिहावे. सुरुवात याच दसऱ्याला शस्त्रपूजनापासून करता येईल: ज्यांच्या घरी जुनी तलवार आहे त्यांनी झेंडूची माळ चढवण्याआधी मुठीचा एक स्वच्छ फोटो काढून संग्रहालयाकडे पाठवावा.