कुऱ्हाड घेताय? धार नंतर बघा, आधी दांडा बघा!

अखाजी जवळ आली की खान्देशात चुलीसाठी सरपणाची जमवाजमव सुरू होते. खापरावरच्या मांड्यांना गॅसची आच पुरत नाही. त्यासाठी कुऱ्हाड घ्यायला गेलेले बहुतेक जण पात्यावर अंगठा फिरवतात, भाव करतात आणि पैसे देतात. चूक इथेच होते. धार घरी दगडावर लावता येते, खराब दांडा मात्र दुरुस्त होत नाही.

मे महिन्यात जळगाव, भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. या कोरड्या हवेत दांड्याचं लाकूड वाळून आकसतं. लोखंडाचं भोक तेवढंच राहतं. मध्ये फट पडते आणि घाव घालताना पातं निसटून समोरच्याच्या अंगावर जाऊ शकतं.

यावर ठरलेला उपाय म्हणजे कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवणं. सकाळी ती घट्ट वाटते, कारण लाकूड फुगलेलं असतं. पण फुगताना ते लोखंडाच्या आत दबून चेपतं आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त सैल होतं. त्यापेक्षा नवी पाचर ठोकून घ्या आणि दांड्याला जवसाचं तेल लावा.

दांडा रंगवलेला नको. रंगाखाली गाठ लपते. लाकडाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात. मध्येच बाजूला निघाल्या तर दांडा तिथेच मोडणार. धावड्याचा दांडा मिळाला तर सोडू नका.

किती वजनाची घ्यावी?

ऑनलाइन तीन किलोची कुऱ्हाड बघून भुलू नका. वजन दुप्पट केलं तर घावाची ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट झाला तर चौपट. जड कुऱ्हाड दहा घावांनंतर हळूच पडते! घरात एकच ठेवायची असेल तर दीड किलोच्या आसपासची पुरे.

फांद्या तोडायला पातळ पातं चांगलं. ओंडका फोडायला मात्र गाल जाड हवेत. पातळ पातं बाभळीत रुतून बसतं. रस्त्याकडेला पाल टाकून बसणारे घिसाडी कारागीर ट्रकच्या जुन्या पाट्यापासून कुऱ्हाड घडवतात. ते पोलाद चांगलं असतं आणि हवी तशी जाडी सांगून करून घेता येते, म्हणून ऑनलाइनपेक्षा तीच घ्यावी. धारेवर कानस हलकी लागली तर पाणी बरोबर दिलंय. कानस नुसतीच घसरली तर धार गाठीवर तुटेल.

गाठीचा मोठा ओंडका असेल तर लोखंडी पाचर आणि घण वापरा. कुऱ्हाडीच्या पाठीने पाचर ठोकली की दांड्याचं भोक पसरतं.

आणि भरीतासाठी पऱ्हाटीच जाळायची असेल तर कुऱ्हाड घेऊच नका, कोयता पुरतो.