पांढऱ्या पडलेल्या रानात गवत



कालव्याचे पाणी आले, ऊस आला. गोदाकाठच्या खोलगट काळ्या रानात मीठ फुलले. तिथे द्राक्षबाग तगत नाही, म्हणून ते रान पडीक टाकू नका. गवताने जमीन झाकली की क्षार वर चढणे मंदावते. पॅरा गवत दलदल सोसते. मधल्या वरंब्यांवर शेवरी लावा. शेळ्यांना पाला, जमिनीला नत्र. लसूणघास नको, साचल्या पाण्यात ती कुजते.

सामू ८.५ च्या वर असेल तर रान चोपण: जिप्सम, ढैंचा. नुसत्या खारवट रानात जिप्सम म्हणजे पैसे मातीत, दुकानदार काहीही सांगो.

पण क्षार धुऊन जायला चर हवा, आणि चर शेजाऱ्याच्या बांधाशी थांबत नाही. कालवा सरकारने काढला, मग चर एकट्या शेतकऱ्याने का काढावा? पिंपळगावच्या बैठकीला गट नंबर व माती परीक्षणाचा कागद आणा. मागणी गाववार द्यायची आहे.