शिकलात तुम्ही, कमावलं कोणी?

"इथे काम करता करता शिकायला मिळेल" हे वाक्य नायमेखनच्या एजन्सीत तुम्ही ऐकलं असेल, आणि त्याआधी चाकणला किंवा भोसरीलाही. वाक्य खोटं नाही. पॅकिंगला घेतलेला माणूस सहा महिन्यांत मशीन सेट करतो, अडकलेला पट्टा मोकळा करतो, नव्या पोलिश पोराला हातवारे करून काम शिकवतो. याला हल्ली 'अनौपचारिक शिक्षण' असं भारदस्त नाव आहे. त्याचं कौतुक सगळेच करतात. माझा प्रश्न एवढाच आहे, की त्या शिकण्याचे पैसे कोणाच्या खिशात गेले?

पगाराची स्लिप काढून बघा. पद अजून हेल्परचंच आहे ना? इथला कायदा सांगतो की एजन्सीच्या कामगाराला त्या कंपनीत तेच काम करणाऱ्याइतका पगार हवा. पण 'तेच काम' कोणतं, हे व्यवहारात कागदावरच्या पदावरून ठरवलं जातं. काम ऑपरेटरचं, दर हेल्परचा!

मुंबईच्या गिरणीत आपल्या माणसांनी हे भोगलंय. माग चालवायला कोणी शाळेत शिकलं नव्हतं. गावचा काका, मामा यांच्या शेजारी उभं राहून बदली कामगार तयार झाला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि वीस वीस वर्षं माग चालवलेली माणसं वॉचमन झाली, भाजी विकायला बसली. कागद असता तर सगळे वाचले असते असं मी म्हणणार नाही. पण भिवंडीच्या यंत्रमागावर दर ठरवताना दाखवायला काहीतरी असतं.

इथे तो कागद मिळतो, फक्त एजन्सी आपणहून सांगत नाही. पहिला 'खेटाउखस्ख्रिफ्ट', म्हणजे कामाचा दाखला. नोकरी सोडताना मागितलात तर मालकाला द्यावाच लागतो, नागरी कायद्याचं कलम ७:६५६. त्यात कामाचं स्वरूप, तास आणि तारखा येतात. काम कसं केलंत ते मात्र तुम्ही मागितलं तरच लिहितात, म्हणून मागाच. एजन्सीमार्फत असाल तर कायद्याने तुमचा मालक एजन्सी, दाखला तिच्याकडून घ्यायचा. कोणकोणती मशीनं चालवलीत त्याची यादी स्वतः करून द्या, नाहीतर 'उत्पादन विभाग' एवढंच लिहून मोकळे होतील.

दुसरा 'प्राक्टायकफरक्लारिंग'. कंपनी मान्यताप्राप्त असेल तर व्यवसाय शिक्षणाच्या शाळेबरोबर ती लिहून देते की हा माणूस अमुक कामं करू शकतो. नायमेखनमध्ये आरओसीत चौकशी करा. जास्त अनुभव असेल तर ईव्हीसी आहे. त्यात तुमचे पुरावे तपासतात, मुलाखत घेतात, कधी काम करतानाही बघतात. मिळतं ते अनुभवाचं प्रमाणपत्र. तो डिप्लोमा नाही, पण त्यावर शाळेची परीक्षा समिती काही विषयांतून सूट देऊ शकते.

याला पैसे पडतात आणि डच लागतं. आजन्म शिका म्हणणाऱ्या सरकारने २०२२ मध्ये माणशी १००० युरोपर्यंतची 'स्टाप' योजना काढली आणि २०२४ उजाडायच्या आत गुंडाळली. म्हणून खर्च कंपनीकडे मागा. कायद्याने किंवा सामूहिक कराराने जे प्रशिक्षण देणं मालकावर बंधनकारक आहे, ते १ ऑगस्ट २०२२ पासून फुकट द्यावं लागतं, त्याचे तास कामाचे तास धरावे लागतात. फोर्कलिफ्टवर बसवलं तर सुरक्षेचं शिक्षण त्यात येतं. 'नोकरी सोडलीस तर त्याचे पैसे भर' अशी अट करारात असली तरी ती चालत नाही.

ज्याचं परमिट एकाच रेस्टॉरंटला बांधलेलं आहे त्या स्वयंपाक्याला हे मागायची भीती वाटते, आणि ती खरी आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या गोवेकराला उद्या दुसरीकडे जाता येतं, त्याला जात येत नाही. अशांनी एकट्याने बोलू नका, आधी युनियनला गाठा.

तोवर फोनमध्ये नोंद ठेवा, तारीख, मशीन, कोणाला शिकवलं. आणि सुपरवायझर म्हणाला "या नव्याला जरा दाखव," तर दाखवा, पण आधी विचारा, याची नोंद कुठे होणार?