बंदराला लागलेलं रुग्णालय

‘व्हिक्टोरिया’ नावाची इटालियन बोट एके काळी मुंबई बंदरात नेमाने येत असे. विलायतेला शिकायला निघालेले कितीतरी जण तिनेच गेले. १९७८ साली डॉन आणि डेऑन स्टीफन्स या ख्रिस्ती दाम्पत्याच्या पुढाकाराने ती विकत घेतली गेली. तिला ‘अनास्तासिस’ म्हणजे पुनरुत्थान असं नाव मिळालं आणि तिच्या पोटात शस्त्रक्रियागृहं उभी राहिली. ‘मर्सी शिप्स’ या संस्थेची ही सुरुवात. २००७ साली बोट भंगारात निघाली, तीही आपल्या शेजारी, गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर. यंदाचा दिवाळी अंक जुळवताना ती काही केल्या मनातून जाईना.

आज संस्थेची दोन जहाजं आफ्रिकेच्या बंदरांत महिनोन्‌महिने नांगर टाकून असतात. शस्त्रक्रिया मोफत, रुग्ण कोणत्याही धर्माचा असो. काम करणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक. पगार तर नाहीच, उलट अनेक जण जहाजावरच्या राहण्या-जेवण्याचा खर्चही पदरचा घालतात. सर्जनही आणि स्वयंपाकीही.

जबड्यात, दाताच्या मुळाशी एक गाठ होते. कर्करोग नव्हे. शहरात ती एक्स-रेत दिसते, वेळेत निघते. जिथे सर्जनच नाही तिथे ती वर्षानुवर्षं वाढते, जीभ बाजूला ढकलते, घास उतरेनासा होतो आणि शेवटी श्वास कोंडतो. त्याच्या कितीतरी आधी त्या माणसाने चेहरा फडक्यात गुंडाळलेला असतो, बाजारात जाणं सोडलेलं असतं. अशांसाठी गॅरी पार्कर हे अमेरिकी सर्जन १९८०च्या दशकात ‘मर्सी शिप्स’च्या बोटीवर काही महिन्यांपुरते गेले आणि तीस वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिले. लग्न, मुलं, संसार, सगळं बोटीवर.

शिकवण्याचं मोल आम्हाला याहूनही मोठं वाटतं. अशा रुग्णाला आधी झोपवून चालत नाही, झोपला की श्वासाची वाटच बंद. तो जागा असतानाच नाक बधिर करून, कॅमेऱ्याची बारीक लवचीक नळी हळूहळू आत सरकवत श्वासनलिका गाठावी लागते. हे पुस्तक वाचून येत नाही. स्थानिक भूलतज्ज्ञ शेजारी उभं राहून पाहतो. मग नळी त्याच्या हाती येते आणि शिकवणारा एक पाऊल मागे सरतो. शिकवण्याचं हे मोल आपल्याकडेही दिसतं. डॉ. वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत मिशनचं रुग्णालय काढलं, पण त्याच्या जोडीला वैद्यकीय शाळाही काढली. मिरज आजही दवाखान्यांचं गाव आहे, ते उगाच नाही.

जगातल्या ५ अब्ज माणसांना सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, असं ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१५ साली मांडलं. दोन जहाजं त्यांना कुठवर पुरणार? जहाज एक दिवस निघून जातं. नळी धरायला शिकलेला हात तिथेच राहतो.

आमच्या वाचकांत परिचारिका आहेत, भूलतज्ज्ञ आहेत, इंजिनची नस ओळखणारे खलाशी आहेत. कोणी निघालात, तर आम्हाला कळवा. पुढच्या दिवाळी अंकाची काही पानं तुमच्यासाठी राखून ठेवतो.

— संपादक