स्पॅनिशचा भविष्यकाळ आणि आपला

स्पॅनिश म्हणजे पुण्या-मुंबईच्या मुलांचा विषय, असे आमच्या नांदेड-लातूरकडे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. आब्लार म्हणजे बोलणे, कोमेर खाणे, बिबिर राहणे. अशा नियमित क्रियापदांना नुसता 'ए' जोडा: आब्लारे, कोमेरे, बिबिरे, म्हणजेच बोलेन, खाईन, राहीन. 'तू'साठी 'आस', 'तो-ती'साठी 'आ', 'आम्ही'साठी 'एमोस', 'तुम्ही'साठी 'एइस', 'ते'साठी 'आन'. झाले! कर्ता गाळला तरी चालतो, अगदी मराठीसारखा. इंग्रजीच्या 'विल-शॅल'पेक्षा हे आपल्याला जवळचे. शिवाय 'बोलेन' मुलगा म्हणतो तसेच मुलगीही, 'आब्लारे'चेही तेच. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. पुण्याला जाऊन शिकणे परवडायचे नाही. तेव्हा गुरुजनहो, वर्ग इथेच सुरू करा. आप्रेंदेरेमोस, आम्ही शिकू!