मंडळे मुलांची, की मुलांच्या नावावरची?

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि जुलैच्या अखेरीस केव्हातरी फलकावर एक यादी लागते. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, निसर्ग मंडळ, भूगोल मंडळ; प्रत्येकापुढे एका शिक्षकाचे नाव आणि त्याखाली वर्गातल्या एखाद्या हुशार विद्यार्थ्याचे. मग एका शनिवारी पाहुणे येतात, दीपप्रज्वलन होते, नारळ फुटतो, आभार मानले जातात. त्यानंतर ही मंडळे एकदम दिसतात ती स्नेहसंमेलनाच्या अहवालात. मधल्या पाच महिन्यांत त्यांनी काय केले, हे अहवाल वाचणाऱ्याला ठाऊक नसते आणि ऐकणारा ते विचारीत नाही. सर्वच शाळांना हे लागू नाही. उत्साही शिक्षक असेल तेथे हस्तलिखित निघते, पक्षी-निरीक्षण होते, भित्तिपत्रक दर पंधरवड्याला बदलते. परंतु तो शिक्षक निवृत्त झाला किंवा त्याची बदली झाली की भित्तिपत्रकावर धूळ साचू लागते. ज्या संस्थेचा प्राण एका माणसात असतो तिला संस्था म्हणणे कठीण आहे.

धोरणाच्या पातळीवर या विषयाची उपेक्षा झाली, असे मात्र म्हणता येणार नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने अभ्यासेतर उपक्रम हे शालेय शिक्षणाचे अविभाज्य अंग मानावेत आणि प्रत्येक शिक्षकाने त्यांना निश्चित वेळ द्यावा, अशी शिफारस केली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर ही भिंतच नको असे म्हटले आहे. विज्ञान, गणित, संगीत, काव्य, बुद्धिबळ अशा विषयांच्या मंडळांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. सात दशकांच्या अंतराने तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागते, याचा अर्थ अडचण शिफारशीत नसून अन्यत्र आहे.

महाराष्ट्राला सार्वजनिक जीवनाचे वळण लागले ते सभा आणि मंडळांतून. १८७० साली स्थापन झालेली पुण्याची सार्वजनिक सभा, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला, गावोगावची वाचनालये आणि पुढे सहकारी सोसायट्या, या सर्वांनी लोकांना ठराव मांडणे, विरोधी मत ऐकून घेणे आणि हिशेब देणे शिकविले. आजही पतपेढीपासून गृहनिर्माण संस्थेपर्यंत मध्यमवर्गाचा निम्मा संसार सभासद म्हणूनच चालतो. संघ स्थापन करण्याचा हक्क राज्यघटनेने प्रारंभापासून दिला. २०११ च्या सत्त्याण्णवाव्या दुरुस्तीने त्यात सहकारी संस्थांचाही स्पष्ट समावेश केला. दहावीचा विद्यार्थी दोन-तीन वर्षांत मतदार होतो. तोपर्यंत त्याने एकही सभा चालविलेली नसते, एकही इतिवृत्त लिहिलेले नसते. वार्षिक सर्वसाधारण सभेला गणपूर्ती का होत नाही, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी या वयापासून शोध घ्यावयास हरकत नाही.

या संदर्भात संचयिकेची आठवण होते. राष्ट्रीय बचत संघटनेच्या प्रोत्साहनाने १९७० च्या दशकात अनेक शाळांतून विद्यार्थ्यांची ही छोटी बँक चालत असे. शिक्षक मार्गदर्शक असे, पण खिडकीपलीकडे रोखपाल म्हणून बसे तो विद्यार्थीच. खाऊच्या पैशांतून कोणी चार आणे भरी, कोणी आठ आणे. त्याची पासबुकात नोंद होई. रक्कम क्षुल्लक असे, पण व्यवहार खरा असे. दिवसअखेरीस रोकड दहा पैशांनी कमी भरली तर ते दहा पैसे कोठे गेले हे शोधल्याखेरीज वही मिटता येत नसे, आणि ज्या मित्राची नोंद चुकली तो दुसऱ्या दिवशी जाब विचारायला उभा राहात असे. जमाखर्चाचा धडा पुस्तकातून शिकणे आणि दुसऱ्याचे पैसे सांभाळताना शिकणे यांत हाच फरक आहे. पुढे ती पद्धत मागे पडली. आज ‘आर्थिक साक्षरता’ या नावाने शाळेत व्याख्यान होते, चित्रफीत दाखविली जाते. मुलांच्या हाती मात्र एक रुपयाही दिला जात नाही.

अडचणी खऱ्या आहेत. ग्रामीण भागातील मुलीला एस.टी.चा मोफत पास मिळतो, परंतु गाडी तिच्यासाठी थांबत नाही. पाचची गाडी चुकली तर घरचे दुसऱ्या दिवशी शाळेविषयीच विचार करू लागतात. शाळा सुटल्यानंतर मंडळ भरवायचे म्हणजे या मुलीला वगळायचे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. मुंबईत एकाच इमारतीत दोन सत्रे भरतात, त्यामुळे दुपारी वर्ग रिकामा मिळत नाही. शहरातील सुस्थित घरांतल्या मुलाच्या संध्याकाळीची किंमत शिकवणीच्या फीमध्ये ठरलेली असते. अर्थशास्त्रात ज्याला संधी-खर्च म्हणतात तो पालकांना पाठ्यपुस्तकाशिवाय कळतो. वेळापत्रकात कार्यानुभवाची तासिका असते खरी, पण दहावीच्या वर्गात ती गणिताने केव्हा गिळली हे कोणाच्या लक्षातही येत नाही. शिक्षकांची तर गोष्टच निराळी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे मान्य केली. ती तीन कामे, शिवाय रोजची ऑनलाइन माहिती आणि प्रत्येक उपक्रमाचे छायाचित्र पाठविण्याचा ताण. छायाचित्र पाठविले म्हणजे उपक्रम झाला, अशी समजूत वरच्या कार्यालयाची झाली की खालच्या शाळेचीही होते.

यात गुणांची भर पडली आहे. खेळ, शास्त्रीय कला, लोककला, शासकीय चित्रकला परीक्षा यांसाठी दहावीला वाढीव गुण मिळतात. उद्देश चांगला होता, आणि एखाद्या खेळाडू मुलीच्या कष्टांची त्यामुळे दखल घेतली जाते हेही नाकारता येत नाही. पण छंदाला भाव ठरला की त्याचा बाजार भरतो. प्रमाणपत्र देणारे वर्ग उघडतात आणि ज्या मंडळाला गुण नाहीत ते ओस पडते.

पैसा हेच उत्तर, असे मानणाऱ्यांनी अटल टिंकरिंग प्रयोगशाळांकडे पाहावे. २०१६ मध्ये आरंभ झालेल्या या योजनेत निवडलेल्या शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते; अशा दहा हजार प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. त्रिमितीय मुद्रक, संवेदक, सोल्डरिंगची साधने, सारे काही मिळते. प्रश्न एवढाच की त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते. पाहुणे आल्यावरच उघडणारे कपाट वीस लाखांचे असो वा दोनशेचे, मुलांच्या दृष्टीने दोन्ही बंदच.

किल्ली न देण्यामागे मुख्याध्यापकांचे भय असते, आणि ते निराधार नाही. मुलाच्या हाताला चटका बसला, मंडळाचे पैसे हरवले, निवडणुकीवरून दोन गटांत मारामारी झाली, तर खुलासा मागविला जाईल तो त्यांच्याकडून. हिशेब चुकणारच नाही अशी व्यवस्था केली तर हिशेब शिकताही येणार नाही, हे ते जाणतात; परंतु चौकशीच्या नोटिशीत हा युक्तिवाद चालत नाही. म्हणून शिक्षण विभागाने आणखी एक उपक्रम लादण्याऐवजी या बाबतीत मुख्याध्यापकाच्या पाठीशी उभे राहावे. मंडळाकडे शंभर-दोनशे रुपयांचा निधी राहील, तो मुले खर्च करतील, मुलेच तपासतील, आणि त्यातली लहानसहान चूक ही दप्तरी गुन्हा ठरणार नाही, असे लेखी कळविले तर पुष्कळ काम होईल. सचिव शिक्षकांनी नेमू नये, मुलांनी निवडावा. तो पहिल्या क्रमांकाचाच असला पाहिजे असे नाही. रस नसलेल्यावर सभासदत्व लादू नये. एखादे मंडळ माणसांअभावी बंद पडले तर ते बंद पडू द्यावे आणि अहवालात तसे लिहावे.

या सर्वांसाठी हवा आहे तो आठवड्यातील एक तास, शाळेच्या वेळेत, गाडी सुटण्यापूर्वी. तो कोठून काढायचा, हा वाद शिक्षकांच्या सभेत जरूर व्हावा. इंग्रजी, गणिताचे शिक्षक सहजासहजी सोडणार नाहीत आणि त्यांचीही बाजू आहे. मात्र तो वाद उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीच झाला पाहिजे. पुढील वर्षाचे वेळापत्रक एकदा छापून भिंतीवर लागले की त्यात तास घुसविणे कोणत्याच मुख्याध्यापकाला जमत नाही.